क्लोदेल, कामीय

क्लोदेल, कामीय : (८ डिसेंबर १८६४ – १९ ऑक्टोबर १९४३). आधुनिक फ्रेंच मूर्तिकलेतील एक अग्रगण्य स्त्री-शिल्पकार. दोन किंवा अधिक मानवाकृतींच्या परस्परसंबंधांतून भावनाट्य उभे करणारे शिल्पगट ही तिच्या कलेची विशेषता होय. कालिदासाच्या शाकुंतलावरून तिने घडविलेल्या शिल्पगटामुळे भारतीय रसिकांना तिच्याविषयी वेगळे अगत्य वाटावे. ऑग्यूस्त रॉदँ (१८४०–१९१७) या विख्यात शिल्पकाराची शिष्या, सहकारी व प्रेयसी म्हणून तिचे नाव दीर्घकाळ घेतले गेले. आयुष्याची अखेरची तीस वर्षे तिला मनोरुग्णालयात काढावी लागली. या शोककथेच्या छायेत तिची शिल्पे झाकोळली गेली आणि त्यांचा विचार बहुधा तिच्या चरित्राची साधने म्हणूनच झाला. तथापि आकृतींचा तोल आणि आकृतींमधील अंतर या दोन घटकांचा तिने केलेला वापर तपासला असता, तिची स्वतंत्र शिल्पदृष्टी स्पष्ट होते.

तिचा जन्म उत्तर फ्रान्समधील फेर-आं-तार्दन्वा या गावी झाला. वडील लुई-प्रॉस्पेर सरकारी नोकरीत होते. नावाजलेला कवी, नाटककार व मुत्सद्दी पॉल क्लोदेल (१८६८–१९५५) हा तिचा धाकटा भाऊ. बालपणीच तिला मातीकामाचा छंद जडला. वडिलांची बदली नॉझां-स्यूर-सेन येथे झाल्यावर (१८७६) तेथील शिल्पकार आल्फ्रेद बूशे याने तिचे गुण हेरले व तिला मार्गदर्शन केले. वडिलांचा तिच्या कलाशिक्षणास पाठिंबा होता, तर आईचा अखेरपर्यंत विरोध राहिला. १८८१ मध्ये हे कुटुंब पॅरिसला आले व कामीय आकादेमी कोलारोसी या खाजगी कलाशाळेत शिकू लागली.

खाजगी कलाशाळेची निवड ही त्या काळी स्त्रियांच्या दृष्टीने अपरिहार्यच होती. फ्रान्समधील प्रमुख शासकीय कलाविद्यालयाचे, म्हणजे एकोल दे बोझारचे, दरवाजे स्त्रियांना १८९७ पर्यंत बंद होते. शिल्पकार एलेन बेर्तो हिने १८८१ मध्ये स्त्री चित्रकार-शिल्पकारांचा संघ स्थापून या बंदीविरुद्ध लढा दिला, तेव्हा कोठे प्रवेश मिळाला. रोमची शासकीय शिष्यवृत्ती स्त्रियांना १९०३ मध्ये खुली झाली. चित्रकर्तीपेक्षा शिल्पकर्तीची अडचण अधिक होती. नग्न मॉडेलवरून अभ्यास केल्याशिवाय मूर्तिकलेचा पाया पक्का होत नसे आणि तसा अभ्यास स्त्रियांना अशोभनीय मानला जाई. शिवाय मातीच्या नमुन्यावरून प्लॅस्टरची प्रत, तीवरून संगमरवरी मूर्ती किंवा ब्राँझचे ओतकाम, असा शिल्पाचा प्रवास खर्चिक असतो. प्लॅस्टरपाशी थांबलेले मोठे शिल्प ब्राँझमध्ये उतरण्यास शासनाची मागणी किंवा धनिकाचा आश्रय लागे. क्लोदेलच्या जीवनातील पुढील अनेक संकटांचे मूळ या आर्थिक व्यवस्थेत आहे.

पॅरिसमध्ये काही इंग्रज विद्यार्थिनींसमवेत तिने भाड्याने कार्यशाळा घेतली. बूशे इटलीला जाण्यास निघाला, तेव्हा त्याने आपल्या विद्यार्थिनींची जबाबदारी रॉदँवर सोपविली. तत्पूर्वीच्या तिच्या कामांत वृद्धा एलेन (१८८२) हा घरातील मोलकरणीचा अर्धपुतळा उल्लेखनीय असून, सुरकुत्यांमागील हाडांची ठेवण त्यात अचूक उतरली आहे. १८८४ च्या सुमारास ती रॉदँच्या कार्यशाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागली. त्यावेळी तेथे नरकद्वार आणि कॅलेचे नागरिक या भव्य कृतींचे काम चालू होते. त्यांतील काही आकृतींचे हात व पाय घडविण्याचे काम तिच्याकडे होते, असे मानले जाते. तिच्या मतास रॉदँ मान देई. दोघांमध्ये प्रेमसंबंधही निर्माण झाले. रॉदँ तिच्याहून २४ वर्षांनी मोठा होता व रोझ बरे या स्त्रीसमवेत दीर्घकाळ राहत होता. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्याने कामीयला विवाहाचे लेखी वचन दिले. ते पाळले गेले नाही.

या सहवासाच्या काळातील कोणती कल्पना कोणाची, हा समीक्षकांपुढील कठीण प्रश्न आहे. क्लोदेलची पेंढी घेतलेली तरुणी ही मृत्तिकाकृती सु. १८८६–८७ मधील असून, रॉदँच्या गालातेआ या नंतरच्या संगमरवरी मूर्तीशी तिचे साम्य सहज ध्यानात येते. एकाच मॉडेलवरून, एकाच जागी बसून दोघे काम करीत असल्याने अशा साम्यावरून चौर्याचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मात्र प्रभावाचा ओघ केवळ गुरूकडून शिष्येकडे वाहत होता, हा पूर्वीचा समज अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

शाकुंतल : क्लोदेलची स्वतंत्र प्रतिभा प्रथम पूर्णत्वाने प्रकटली, ती साकुंताला (१८८६–८८) या शिल्पगटात. फ्रान्सला या नाट्यविषयाचा परिचय पूर्वीच झाला होता. शेझी या संस्कृतज्ञाने अभिज्ञानशाकुंतलाचे फ्रेंच भाषांतर १८३० मध्ये प्रसिद्ध केले होते व तेओफील गोत्येच्या संहितेवर आधारलेले नृत्यनाट्य पॅरिसच्या ऑपेरागृहात १८५८ मध्ये सादर झाले होते. क्लोदेलने या नाटकातील सातव्या अंकाचा पुनर्मीलनाचा प्रसंग निवडला. शापाने स्मृती गमावलेला दुष्यंत मारीचाच्या आश्रमात शकुंतलेला भेटतो, तो हा क्षण. तिच्या शिल्पात पुरुष गुडघे टेकून बसला आहे व त्याने वर तोंड करून स्त्रीच्या कमरेभोवती हात टाकले आहेत. स्त्री त्याच्यावर झुकली आहे; तिचे मस्तक त्याच्या मस्तकाला टेकले असून एक हात छातीशी आहे व दुसरा निस्त्राण होऊन खाली लोंबतो आहे. ना आश्रम, ना अंगठी, ना बाळ सर्वदमन. भारतीयत्वाची खूण म्हणून एकही अलंकार नाही.

आश्रमाचा देखावा टाळूनही हे शिल्प मूळ नाटकाच्या मर्माशी विलक्षण प्रामाणिक आहे. कालिदासाचा दुष्यंतही शकुंतलेच्या पायांवर पडतो. सम्राटाने परित्यक्तेपुढे नमावे, यातच त्या अंकाचे नैतिक बळ आहे. फरक पुढे पडतो. नाटकातील शकुंतला राजाला उठण्यास सांगते व झाल्या दुःखाचा दोष स्वतःच्या पूर्वकर्मांकडे घेते. शिल्पातील शकुंतला काही बोलत नाही, तीच खाली झुकते. क्षमेचा हा क्षण क्लोदेलने केवळ शरीराच्या कलत्या रेषेतून व्यक्त केला आहे. स्त्रीचा तोल सुटत आला आहे. पुरुषाचा आधार नसेल, तर ती कोसळेल. मात्र तो आधार देणाराच तिच्यापुढे गुडघे टेकून याचना करतो आहे. बलवान कोण व दुर्बल कोण, हे प्रेक्षकाला निश्चितपणे सांगता येत नाही.

याच सुमारास महाराष्ट्रातही शकुंतलेचे नवे युग अवतरले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले, तर राजा रविवर्म्याची शकुंतला मुंबईतील त्याच्या छापखान्याच्या तैलरंगी प्रतींद्वारे १८९४ नंतर घरोघरी पोहोचली. रविवर्म्याने रंगविलेली शकुंतला मुख्यतः प्रतीक्षेतील आहे : पत्र लिहिणारी, किंवा पायातील काट्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी. तिचे सौंदर्य प्रेक्षकाच्या दृष्टीसाठी मांडलेले असते. क्लोदेलच्या शकुंतलेचे डोळे मिटलेले आहेत, चेहरा अर्धवट झाकलेला आहे आणि प्रेक्षकाची तिला जाणीवही नाही. विरहिणीच्या लावण्याऐवजी विरह संपतानाचा थकवा हा येथे शिल्पाचा विषय झाला आहे.

रॉदँच्या चिरंतन मूर्ती (सु. १८८९–९०) या शिल्पाशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथेही पुरुष गुडघ्यांवर आहे, परंतु त्याचे हात पाठीमागे असून स्त्री वरून अलिप्तपणे पाहते. ते पूजक आणि दैवत यांचे नाते आहे. क्लोदेलच्या शिल्पात दैवत कोणीही नाही. दोन्ही व्यक्ती सारख्याच घायाळ आहेत. साकुंताला १८८८ च्या पॅरिस सलोंमध्ये मांडले गेले व त्यास सन्माननीय उल्लेखाचा बहुमान लाभला. १८९५ मध्ये त्याची प्लॅस्टर प्रत शातोरू येथील संग्रहालयास देण्यात आली, तेव्हा नग्न आकृतींमुळे त्या गावात निषेधाचे सूर उठले. हीच रचना १९०५ मध्ये संगमरवरात अवतरली, ती व्हेर्त्युम्न आणि पोमोन या रोमन देवतांच्या नावाने. तर ब्राँझमध्ये तिचे नाव अबांदों असे झाले. या फ्रेंच शब्दाचे ‘स्वतःला स्वाधीन करणे’ व ‘टाकून देणे’ असे दोन्ही अर्थ होतात. समर्पण आणि त्याग यांचा असा श्लेष शकुंतलेच्या कथेला जितका लागू पडतो, तितका क्वचितच दुसऱ्या कथेला लागू पडेल.

तोल ढळण्याच्या सीमेवरील शरीर हा क्लोदेलचा आवडता विषय वाल्स (नृत्ययुगुल) या शिल्पात पुढे आला. नाचणारे जोडपे उभ्या अक्षापासून इतके कलले आहे, की स्थिर शिल्पात गिरकीचा भास व्हावा. मूळ रचनेतील दोन्ही आकृती नग्न होत्या. कलाविभागाच्या निरीक्षकाने १८९२ मध्ये त्यास आक्षेप घेतल्यावर तिने स्त्रीच्या कमरेखाली वस्त्र योजिले. ही तडजोड तिने कलात्मक लाभात परिवर्तित केली, कारण वस्त्राचा तो घोळ मागे वळत जाऊन शिल्पाचा आधारही बनला आणि आवर्ताची गतीही त्यातूनच निर्माण झाली. हे शिल्प १८९३ च्या सलोंमध्ये प्रदर्शित झाले. त्याच प्रदर्शनात तिची क्लोथो ही कृतीही होती. ग्रीक पुराणातील आयुष्याचा धागा कातणारी ही देवता तिने स्वतःच्याच धाग्यांच्या गुंत्यात अडकलेली जख्ख म्हातारी म्हणून कल्पिली. वाल्समधील वस्त्र गतीला वाव देते, तर क्लोथोमधील सूत गती कोंडून टाकते.

प्रौढ वय : १८९३ च्या सुमारास क्लोदेल रॉदँपासून दूर होऊ लागली. शासनाने १८९५ मध्ये तिच्याकडे प्रौढ वय (लाज म्यूर) या तीन आकृतींच्या शिल्पगटाची प्लॅस्टर प्रत मागितली. मध्यभागी उतारवयाकडे झुकलेला पुरुष, त्याला ओढून नेणारी वृद्धा आणि मागे गुडघ्यांवर बसून हात पसरणारी तरुणी, अशी ही रचना. पहिल्या आराखड्यात तरुणीने पुरुषाचा हात धरून ठेवलेला आहे. सु. १८९८ च्या दुसऱ्या आराखड्यात तो हात सुटला आहे. दोघांच्या बोटांमध्ये थोडी पोकळी उरली असून संपूर्ण शिल्पाचा भार जणू त्या रिकाम्या जागेवर तोलला आहे. मूर्तिकार सामान्यतः घनाकाराचा विचार करतो. येथे पोकळी हाच शिल्पाचा आशय ठरतो. साकुंतालामध्ये दोन मस्तकांतील अंतर नाहीसे झाले होते. त्याच कलाकाराने दहा वर्षांनी अंतराचेच शिल्प घडविले.

पॉल क्लोदेलने या गुडघे टेकलेल्या तरुणीत आपली बहीण पाहिली आणि पुरुषात रॉदँ व वृद्धेत रोझ बरे ओळखण्याची प्रथा पडली. हा अर्थ चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. शिल्पाच्या नावानुसार वृद्धा ही जरा, तरुणी ही यौवन आणि पुरुष हा त्यांच्यामध्ये सापडलेला मर्त्य मानव आहे. वाऱ्याने फुगलेले वस्त्र, चढत जाणारी बैठक आणि तिरकस पुढे सरकणारा शिल्पगट यांतून कालगतीचे रूपक सिद्ध होते. या ब्राँझ शिल्पाची उंची ११४ सेंमी. व लांबी १६३ सेंमी. आहे. ब्राँझ ओतण्याचा शासकीय प्रस्ताव १८९९ मध्ये रद्द झाला. त्यामागे रॉदँचा हात असल्याचा क्लोदेलला संशय होता. त्यास निर्णायक पुरावा नाही. अखेर एका सैनिकी अधिकाऱ्याच्या आश्रयामुळे १९०२ मध्ये ओतकाम झाले.

रॉदँच्या भव्य, स्नायुप्रधान शैलीपासून वेगळी वाट तिने छोट्या शिल्पांतूनही शोधली. गप्पा मारणाऱ्या (ले कोझझ) या सु. ४५ सेंमी. उंचीच्या शिल्पात भिंतीच्या कोपऱ्यात चार स्त्रिया डोकी एकत्र आणून कुजबुजत आहेत. त्यात पुराणकथा नाही की रूपकही नाही. वाड्यातील पडवीवर किंवा पाणवठ्यावर कोणासही दिसावे, असे ते साधे दृश्य आहे. गुपित ऐकण्याची उत्कंठा मात्र चारही पाठींच्या वळणांत दिसते. लाट या कृतीत प्रचंड लाटेखाली हात धरून उभ्या असलेल्या तीन चिमुकल्या स्त्रिया असून, लाटेच्या आकारावर होकुसाई या जपानी चित्रकाराच्या मुद्राचित्राची छाप जाणवते. या दोन्ही शिल्पांत तिने हिरवट अकीक व ब्राँझ यांचा संयोग साधला. अकीकासारखा कठीण दगड कोरण्यास चिकाटी लागते. रॉदँ संगमरवराचे कोरीवकाम मुख्यतः साहाय्यकांकडून करवून घेई. क्लोदेलला दगड स्वतः कोरण्याचा अभिमान होता. छोटी गढीवाली (१८९२–९६) या बालिकेच्या अर्धपुतळ्याच्या एका संगमरवरी प्रतीत तिने केसांचा भाग आतून इतका पोखरला, की त्यातून प्रकाश झिरपतो.

१८९९ नंतर ती सेन नदीच्या बेटावरील घरात एकाकी राहू लागली. ऑक्ताव्ह मीर्बो व मातियास मोरार यांसारख्या समीक्षकांनी तिची थोरवी सांगितली. कलाविक्रेता अझेन ब्लो याने १९०५ मध्ये तिचे प्रदर्शन भरविले. तरीही विपन्नावस्था सरली नाही. रॉदँ व त्याची माणसे आपल्या कल्पना चोरण्यास टपली आहेत, या छळभ्रमाने ती ग्रासली व स्वतःची शिल्पे फोडू लागली. तिचा आधार असलेले वडील २ मार्च १९१३ रोजी वारले. आठच दिवसांनी, १० मार्च रोजी, कुटुंबीयांच्या अर्जावरून तिला मनोरुग्णालयात नेण्यात आले. १८३८ च्या फ्रेंच कायद्यानुसार नातेवाइकांचा अर्ज व डॉक्टरचे प्रमाणपत्र एवढे त्यास पुरेसे होते. महायुद्धामुळे १९१४ मध्ये तिला आव्हीन्यॉंजवळील माँदव्हेर्ग येथे हलविले. पुढे डॉक्टरांनी तिला घरी नेण्याविषयी सुचविले, तरी आईने नकार दिला. आई तिला भेटण्यासही कधी गेली नाही. पॉल अधूनमधून भेटून जाई. तेथे तिने शिल्पकाम केले नाही. दुसऱ्या महायुद्धातील अन्नटंचाईच्या काळात, ज्यावेळी फ्रान्समधील मनोरुग्णालयांत हजारो रुग्ण दगावले, तेथेच तिचे निधन झाले. तिचे अवशेष सामुदायिक दफनभूमीत गेले.

आजार खरा होता. परंतु तीस वर्षांचा बंदिवास हा केवळ आजाराचा परिणाम नव्हता. कुटुंबाची लोकलज्जा, कायद्याची ढिलाई आणि स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या अविवाहित स्त्रीची असहायता यांचाही त्यात वाटा होता. तिच्या पुनर्मूल्यांकनासही विलंब लागला. पॅरिसच्या रॉदँ संग्रहालयात १९५१ मध्ये तिचे प्रदर्शन झाले व पॉलने १९५२ मध्ये काही महत्त्वाच्या कृती त्या संग्रहालयास दिल्या. १९८४ चे प्रदर्शन आणि १९८८ चा कामीय क्लोदेल हा चित्रपट यांमुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. या लोकप्रियतेने तिला विस्मृतीतून वर काढले, पण तिच्या प्रत्येक कृतीत प्रेमभंगच शोधण्याची सवयही लावली. साकुंताला ही रॉदँशी असलेल्या स्नेहाच्या ऐन भरातील कृती आहे. तीतील दुःख चरित्रातून आलेले नसून संहितेच्या मार्मिक वाचनातून आलेले आहे, हे या सवयीवरील उत्तर होय.

स्त्री आणि मूर्तिकला यांचा संबंध महाराष्ट्रातही सहजासहजी जुळला नाही. गणपतराव म्हात्रे यांच्या मंदिरपथगामिनी (१८९६) पासून स्त्री ही येथील आधुनिक मूर्तिकलेचा लाडका विषय बनली. मूर्ती घडविणारी स्त्री मात्र दीर्घकाळ विरळाच राहिली. मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३–८६) यांनी १९५१ नंतर ना. ग. पानसरे यांच्या मार्गदर्शनाखाली शिल्पसाधना आरंभिली व लाकूड, दगड, शिसे, भंगार धातू अशा अनेक माध्यमांत प्रयोग केले. सर कावसजी जहांगीर सभागृहाचे आधुनिक कलासंग्रहालयात रूपांतर व्हावे, यासाठी त्यांनी खटपट केली. ते संग्रहालय त्यांच्या पश्चात १९९६ मध्ये सुरू झाले. कलावंताला प्रतिभेइतकीच कार्यशाळा, ओतकाम, प्रदर्शन व संग्रहालय यांची जोड लागते. क्लोदेलला ही जोड परावलंबनातूनच मिळाली आणि ते अवलंबन तुटताच तिची कलाही थांबली.

क्लोदेलच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. नष्ट झालेल्या कृतींमुळे तिचा कलासंभार मर्यादित आहे. सार्वजनिक स्मारकाची संधी तिला लाभली नाही. आणि मानवाकृतीपलीकडील अमूर्ततेकडे ती वळली नाही. परंतु दोन शरीरांमधील ओढ, आधार व दुरावा यांना तिने जे शिल्परूप दिले, त्याला तिच्या समकालीनांत तोड नाही. तिच्या कृती मुख्यतः पॅरिस येथील रॉदँ व ऑर्से संग्रहालयांत आहेत. नॉझां-स्यूर-सेन येथे, जेथे तिने प्रथम मूर्तिकलेचे धडे घेतले, त्या घराचा अंतर्भाव असलेले कामीय क्लोदेल संग्रहालय २०१७ मध्ये उघडण्यात आले. साकुंतालाची प्लॅस्टर प्रत शातोरूच्या संग्रहालयाकडे आहे.